वहिनीनं अस्वलाला भूल दिली

वहिनीचा आवाज हा एक स्वतंत्र विषय आहे. ती फोनवर बोलू लागली की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच काय, असं वाटावं. घरात कुणी दुपारी जरा पडलेलं असलं की दादा, म्हणजे तिचा नवरा, दाराशी उभा राहून दोन्ही हातांनी 'हळू, हळू' अशा खुणा करायचा, आणि वहिनी तितक्याच जोरात विचारायची, "काय झालं? कोण झोपलंय?" आता गंमत बघा, या बाईचा धंदाच मुळी माणसं झोपवण्याचा. वहिनी भूलतज्ज्ञ होती. सर्जन कापायचा, शिवायचा, बाहेर जाऊन नातेवाइकांचे नमस्कार घ्यायचा. आणि तेवढा सगळा वेळ टेबलावरचा माणूस जिवंत ठेवायचं काम वहिनीकडे असायचं.

तिची नणंद प्राणिसंग्रहालयात डॉक्टर होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी धाकटी ती धाकटीच. तिलाही झोपवण्याचं काम पडायचं, पण तिचे पेशंट आपणहून टेबलावर येऊन आडवे होत नसत. फुंकनळीतून सुई मारायची, लांब उभं राहायचं आणि आपला अंदाज बरोबर निघू दे म्हणून देवाला हात जोडायचे.

"तुझं बरं आहे गं," ती वहिनीला म्हणायची. "तुझा पेशंट स्वतःचं वजन तरी सांगतो."

"खोटं सांगतो," वहिनी म्हणायची. "बायका पाच किलो कमी सांगतात, आणि पुरुष आपण दारू पीत नाही म्हणून सांगतात. तुझं अस्वल निदान गप्प तरी बसतं."

एरवी यावर धाकटी खो-खो हसली असती. पण त्या दिवशी जेवताना अस्वलाचं नाव निघालं आणि तिचा चेहराच उतरला. वहिनीच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. "काय गं वन्सं, काय झालं?" तिनं विचारलं. वन्सं ही हाक ती नणंदेला चिडवायला वापरायची, पण आत्ता तिच्यात चिडवणं नव्हतं.

मग धाकटीनं सगळं सांगितलं. संग्रहालयात ढमी नावाची म्हातारी अस्वलीण होती. आता नुसती नावालाच ढमी. मागची दाढ किडून तिच्या जबड्यात पू झाला होता आणि खाणं सुटलं होतं. आधी तिनं सफरचंद सोडलं, मग उकडलेला भोपळा, मग मध घातलेलं दूधसुद्धा ती नुसतं हुंगायची आणि तोंड फिरवून बसायची. तिला सांभाळणारे मामा (ते कुणाचेच मामा नव्हते, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत) बादली घेऊन गजांपाशी बसून राहायचे आणि तशीच भरलेली बादली परत न्यायचे. दाढ काढली तर ढमी जगली असती. पण दाढ काढायची तर तिला झोपवायला हवं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

दोन वर्षांपूर्वी पंजाला जखम झाली म्हणून धाकटीनं ढमीला झोपवलं होतं, आणि मध्येच ढमीचा श्वास थांबला. धाकटी एकटी. टाके अर्धे घातलेले, एका हातानं छाती दाबतेय, दुसऱ्या हातानं उतारा, म्हणजे झोप उतरवणारं औषध, भरायला बघतेय, आणि घाईत त्याची बाटलीच फरशीवर फुटली. ढमी परत आली. पण कशी आली, हे धाकटीला आजही सांगता आलं नसतं. आपण तिला आणलं असं तर तिला मुळीच वाटत नव्हतं.

"आता साहेबांनी समिती बसवली," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं, हाल नकोत, कायमचंच झोपवा. मी भांडले. शेवटी म्हणाले, एकदा प्रयत्न करा. पण दाढेखालचं हाड सडलेलं निघालं, किंवा मागच्यासारखा श्वास थांबला, तर तिथंच शेवटचं इंजेक्शन. ओढून आणायची धडपड करायची नाही."

"बरोबर आहे की त्यांचं," दादा म्हणाला.

"तू जेव," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी एकटीनं दाढ काढायची की श्वास बघायचा?" धाकटी म्हणाली. "आणि खरं सांगू? फुंकनळी हातात घेतली की माझ्या बोटांना घाम सुटतो. दोन वर्षं झाली. कुणाला बोलले नाही. एवढं साधं माकड झोपवायचं असलं तरी तेच."

वहिनीनं हातातला घास ताटात ठेवला. "वजन किती?"

"नव्वदच्या आसपास असेल आता."

"हॅं! आमच्याकडे याच्या दीडपट येतात. आणि काही काही तर जास्त केसाळ."

"अगं, अस्वल आहे ते!" दादाचा पाण्याचा पेला हातातच राहिला.

"गुरुवारी माझी सुट्टी आहे," वहिनी नणंदेला म्हणाली. "सकाळी येते. आणि तू दाढ काढ. बाकीचं माझ्यावर सोड."

पुढचे दोन दिवस त्या दोघींनी नुसता अभ्यास केला. धाकटीनं तिला सगळं समजावून सांगितलं. सुईतल्या औषधानं जनावराचे डोळे सताड उघडे राहतात, तेव्हा ते जागं झालं असं समजून घाबरायचं नाही. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायचं, वर फडकं बांधायचं, कानांत कापूस घालायचा. जबड्याजवळ हात कसा न्यायचा, दार कुणी धरायचं, कुठल्या बाजूनं पळायचं. वहिनी शाळेतल्या मुलीसारखी ऐकायची, मध्येच प्रश्न विचारायची, आणि प्रश्न असे नेमके की धाकटीला दोनदा पुस्तक उघडावं लागलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. ती सांगावी लागते, हे धाकटीला सुचलंच नाही. आपण नाही का, पोहायला शिकवताना पाणी ओलं असतं म्हणून सांगत नाही!

गुरुवारी सकाळी पिंजऱ्यामागच्या, ढमी रात्री झोपायची त्या खोलीत सगळे जमले. सिमेंटची फरशी पाणी मारून ताजी धुतलेली, भिंतीला लोखंडी सरकतं दार, एका कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर, वहिनीची पेटी. खिडकीशी दोन ताटल्या. एकीत उताऱ्याची सुई. दुसरी झाकलेली, तिच्यात काय आहे ते कुणी बोललं नाही. ती साहेबांनी ठेवायला लावली होती. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हे हं. ढमी आली तेव्हापासून ते तिथं होते, आणि तिचे हाल बघवत नाहीत हे ते मनापासून म्हणत होते.

धाकटीनं फुंकनळी उचलली. बोटं ओली झाली. तिनं ती पुसली, पुन्हा ओली झाली. मग तिनं श्वास भरून फुंकर मारली आणि सुई नीट मांडीत बसली. ढमीनं कुरकुर केली, दोन पावलं टाकली, बसली, आणि डोकं हळूहळू पंजांवर आलं. मामांनी लांब काठीनं टोचून बघितलं, पुन्हा टोचलं, मग मान हलवली, आणि सगळ्यांनी मिळून तिला पिंजऱ्यातून खोलीत ओढून घेतलं.

आणि इथून पुढं वहिनी दिसली. म्हणजे खरी वहिनी, जी धाकटीनं वीस-बावीस वर्षांच्या नात्यात कधी पाहिलीच नव्हती. ती फरशीवर बसली ती सरळ ढमीच्या डोक्याशी, स्वयंपाकघरात बसावं तशी ऐसपैस. पुढच्या पायावरचे केस भादरले, अंगठ्यानं चाचपलं आणि पहिल्याच फटक्यात शीर धरून सलाइन लावलं. जबडा उघडून, लांबलचक जीभ बाजूला सारून, तिनं श्वासनळीत नळी सरकवली, नळीला झोपेचा वायू आणि ऑक्सिजन पुरवणारी काळी रबरी पिशवी जोडली, आणि मग एक तळवा ढमीच्या छातीवर ठेवला तो उचललाच नाही. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे ती बोलत नव्हती. चकार शब्द नाही! धाकटीला तर वाटलं, हिला बरं नाही की काय. पण वहिनी ऐकत होती. सगळं अंग कान करून ऐकत होती.

मध्येच जिभेला लावलेल्या चिमट्याचं यंत्र किंचाळायला लागलं. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरत चालला. धाकटीच्या हातातली पक्कड थांबली. वहिनीनं यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं ओठ वर करून हिरड्या बघितल्या, छान गुलाबी होत्या, आणि चिमटा जिभेवर बोटभर पुढं सरकवला. आकडा आपोआप वर आला.

"चिमट्यानं जीभ दाबून तेवढ्यापुरती पांढरी झालीय," ती पुटपुटली. "ती ठीक आहे. तू तुझं कर."

तू तुझं कर! गेली दोन वर्षं धाकटीला हे कुणी म्हणायला हवं होतं. आता तिच्यापुढं फक्त एक दाढ होती. ती मान खाली घालून कामाला लागली. दाढ हट्टी निघाली, हलायला तयार नाही, पण शेवटी कडकन आवाज होऊन मुळासकट बाहेर आली, मागून पू आला, आणि धाकटीनं आत बोट घालून चाचपलं. हाड शाबूत होतं. खडखडीत, चांगलं हाड होतं.

"हाड चांगलं आहे," ती म्हणाली, आणि गजांपलीकडं मामांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. साहेब आत येऊन वाकून स्वतः बघून गेले, पुन्हा आले, आणि "वा, वा," एवढंच म्हणाले.

धाकटीनं जखम धुतली, टाके घातले आणि उतारा आणायला खिडकीकडं वळली. तिची पाठ ढमीकडं झाली. वहिनीनं झोपेचा वायू बंद केला. ढमीची छाती आपली आपण वरखाली होऊ लागली. वहिनीला बरं वाटलं. ऑपरेशन छान झालं, पेशंट छान आहे. अशा वेळी तिचे हात जे आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं. डोळ्यांवरचं फडकं सोडलं. कानांतला कापूस काढला. मग ती वाकली, ढमीच्या गालावर टपटप मारलं, आणि ज्या आवाजानं शेजारी जागे होतात त्या आवाजात म्हणाली, "झालं हं ऑपरेशन! डोळे उघडा! उघडा बघू! मान उचला, मान!"

ढमीनं मान उचलली.

माणसाला हाक मारून उठवायचं असतं. या औषधावरच्या जनावराजवळ साधं भांडंसुद्धा वाजू द्यायचं नसतं, ते एकदम ताडकन उठतं. हेच ते, सांगायचं राहिलेलं. धाकटी गर्रकन वळली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ढमीचं डोकं वहिनीच्या डोक्याच्या उंचीवर होतं, नळी तशीच तोंडात, डोळे तांबारलेले, आणि पुढचा एक पंजा फरशी खरडत होता. साहेब कधी बाहेर पोचले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मामांनी दार अर्धं ओढलं आणि ओरडले, "बाई, पळा!"

वहिनी पळाली नाही. तिला भीती वाटली नाही असं कुणी समजू नये, तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. पण उजवा हात चेहऱ्याला विचारत बसला नाही. दुधासारख्या पांढऱ्या औषधानं भरलेली एक सुई ती नेहमी तयार ठेवायची. ती सलाइनच्या नळीला लागलेलीच होती. वहिनीनं ती दाबली. ढमीनं एकदा हुंकार दिला, तिचं डोकं डुललं आणि वहिनीच्या मांडीवर येऊन आदळलं.

खोलीत शांतता पसरली. आणि त्या शांततेत धाकटीला ऐकू आलं ते हे, की ढमीचा श्वास ऐकू येत नव्हता. छाती हलत नव्हती. अगदी मागच्यासारखीच. तिचे पाय जागच्या जागी खिळले.

"डॉक्टर," गजांपलीकडून साहेब म्हणाले. "डॉक्टर, पुरे आता. आपलं ठरलं होतं. श्वास थांबला तर..."

"थांबला नाहीये," वहिनी म्हणाली. ती कुजबुजत होती. वहिनी कुजबुजू शकते हा शोध तिच्या घरच्यांना त्या दिवशी लागला. "मी थांबवलाय. या औषधानं थांबतोच. तो माझ्याकडे आहे साहेब, मी परत देणार आहे."

आणि तिनं काळी पिशवी दाबली. ढमीची छाती वर आली. सोडली, खाली गेली. पुन्हा दाबली. घाई नाही, जोर नाही. बाळाला थोपटावं तसं.

झाकलेल्या ताटलीला कुणी हात लावला नाही.

"वन्सं, इकडं ये," वहिनी कुजबुजली. धाकटी आली. कशी आली कोण जाणे, पण आली आणि गुडघे टेकून बसली. "चुकले गं मी. सवयीनं हाक मारली."

"मी सांगायला हवं होतं."

"ते नंतर भांडू. मागच्या वेळी असाच थांबला होता?"

"अस्साच."

"आणि तुला वाटलं, गेली?"

धाकटीनं मान हलवली.

"गेली नव्हती. श्वास घ्यायचा हेच विसरली होती. तिला आठवेपर्यंत तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा, एवढंच असतं ते. त्यात घाबरायचं काही नाही. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी हेच करते." तिनं पिशवी नणंदेच्या हातात दिली. "घे. दाब."

धाकटीनं पिशवी दाबली. ढमीची छाती वर आली. तिच्या बोटांखाली, तिच्या दाबण्यानं, एवढं मोठं जनावर श्वास घेत होतं. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती दाबत राहिली, कारण थांबून चालणार नव्हतं. वहिनी तिच्या शेजारी बसून राहिली, तळवा छातीवर. बाहेर मामांनी कुणाला तरी खुणेनं चालायचंसुद्धा थांबवलं. बराच वेळ गेला. मग पिशवी धाकटीनं दाबण्याआधीच किंचित आक्रसली. तिनं हात सैल सोडला. पिशवी फुगली, पुन्हा आक्रसली. आपली आपण.

वहिनी हसली. तिनं बोटानंच नळीकडं खूण केली, मग दाराकडं. पुढचं सगळं चोरपावलांनी झालं. नळी निघाली, फडकं पुन्हा हलकेच डोळ्यांवर आलं, धाकटीनं उतारा मांडीत टोचला, आणि दोघी बाहेर आल्या. मामांनी तेल घातलेलं दार आवाज न करता सरकवलं. गजांबाहेर सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि वहिनीनं स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं घट्ट दाबून धरलं होतं. ढमीचा कान हलला. मग नाक. मग ती उठून बसली, फडकं झटकून टाकलं, आणि दारूच्या गुत्त्यातून निघालेल्या म्हाताऱ्यासारखी झोकांड्या खात आपल्या कोपऱ्यात गेली. साहेबांनी ती झाकलेली ताटली स्वतः उचलून नेली.

तरी खरं काम बाकी होतं. ढमी खाईना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. धाकटी रोज फोन करून सांगायची आणि वहिनी रोज म्हणायची, "घसा दुखत असेल, नळी घातली होती ना. आमच्याकडेही दुखतो." पण फोन ठेवल्यावर ती दादावर उगाच खेकसायची, आणि दादाही बिचारा उगाच ऐकून घ्यायचा.

आणि मग एका सकाळी मामांचा फोन आला. ते नुसतं "या, या, या," म्हणत होते. धाकटीनं गाडी वळवली आणि कामावर निघालेल्या वहिनीला वाटेतूनच उचललं.

ढमी गजांशी बसली होती. मामांनी बादलीतून उकडलेल्या भोपळ्याची फोड चिमट्यानं आत सरकवली. ढमीनं ती हुंगली, पंजानं ओढली आणि तोंडात टाकली. ती चावत होती. चांगल्या बाजूनं, सावकाश, मान तिरपी करून, आणि रस हनुवटीवरून गळत होता. मग तिनं पुढच्या फोडीसाठी नाक गजांतून बाहेर काढलं. तिनं वहिनीकडं पाहिलं, पण ओळख वगैरे काही दाखवली नाही. तिचं सगळं लक्ष बादलीत होतं.

धाकटीनं वळून बघितलं तर वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगं वहिनी! काय झालं? खातेय ना ती!"

"इतकी वर्षं झाली गं," वहिनी म्हणाली. "किती माणसं झोपवली, उठवली, गणती नाही. उठली, बोलली, की वॉर्डात पाठवायची आणि पुढचा पेशंट घ्यायचा. यातल्या एकालाही मी नंतर जेवताना बघितलेलं नाही."

धाकटीनं तिचा हात धरला. मामांनी आणखी एक फोड आत सरकवली. थोड्या वेळानं धाकटीनं घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "चल, हॉस्पिटलला उशीर होईल तुला."

"थांब गं," वहिनी कुजबुजली. "तिचं होऊ दे."

बादली रिकामी होईपर्यंत दोघी तिथंच उभ्या राहिल्या.